नाही म्हणणारा नारायण

आपत्तीनंतर धर्मश्रद्धेपोटी धावून जाणाऱ्या सेवेकऱ्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर कृतज्ञतेचा असतो आणि त्यात सेवेकऱ्याच्या हातून प्रत्यक्ष देवच राबत असतो. दुसरा संशयाचा असतो आणि त्यात शिध्याच्या प्रत्येक पिशवीत धर्मप्रसाराचे पत्रक दडवलेले असते. दोन्ही सुरांना आपापला पुरावा सापडतो, आणि त्या गदारोळात मूळ तात्त्विक प्रश्न मागे पडतो. सेवा या धार्मिक संकल्पनेची घडण मुळात सेवा करणाऱ्याच्या आत्मिक उन्नतीसाठी झालेली असताना, ज्याची सेवा करायची त्या माणसाच्या मताला, निवडीला आणि प्रसंगी नकाराला त्या घडणीत जागा उरते का, हा तो प्रश्न होय. अन्नछत्रात तो फारसा जाणवत नाही, कारण भुकेल्याला अन्न हवेच असते. पण छत्र उठल्यावर घर कुठे बांधायचे, कशाचे बांधायचे आणि कोणी बांधायचे हे ठरवायची वेळ येते तेव्हा तो टाळता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष नेमकेपणाने तपासता येतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपतीला निरोप देऊन माणसे झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली, किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील पन्नासहून अधिक गावे जवळपास नामशेष झाली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मारली ती घरांनी. मराठवाड्यातले माळवदाचे घर म्हणजे मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, आणि वर फळ्यांवर पसरलेला मातीचा जाड थर. हे घर उन्हाळ्यात गार राहते, त्याच्या धाब्यावर धान्य वाळते, पापड वाळतात आणि रात्री अंथरुणे पडतात. पावसाळ्यापूर्वी वर मातीचा नवा हात दिला जाई आणि असे करता करता दोन-तीन पिढ्यांत माथ्यावरचे ओझे वाढत जाई. त्या पहाटे पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि दगड तेवढे ढासळले. वाचलेल्यांच्या मनात दगडाची जी भीती बसली ती पुढच्या पुनर्वसनात कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकीच प्रभावी ठरली, कारण दगडाचे घरही नीट बांधले तर टिकते हे सांगणारे खरे बोलत असले तरी ऐकणाऱ्याने त्याच दगडांखालून आपली माणसे काढलेली होती.

अशा ठिकाणी श्रद्धावान मदतकर्ता पोहोचतो तेव्हा त्याच्यासमोर पहिली अडचण येते ती ‘का’ या प्रश्नाची. आपत्ती ही ईश्वरी शिक्षा आहे किंवा पूर्वकर्माचे फळ आहे, असे म्हणण्याचा मोह धर्मविचाराला नेहमीच होत आला आहे. कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ पिकून कधी ना कधी पदरात पडणे, ही कल्पना वैयक्तिक आयुष्यात माणसाला धीर देऊ शकते. तीच दुसऱ्याच्या पडलेल्या घराला लावली की तिचे क्रौर्य उघडे पडते. १८९७ साली कलकत्त्यात गोरक्षणाचा एक प्रचारक स्वामी विवेकानंदांकडे वर्गणी मागायला आला. मध्य भारतात तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. दुष्काळग्रस्तांसाठी तुमच्या सभेने काय केले असे विचारल्यावर, ती माणसे आपापल्या कर्माने मरत आहेत असे उत्तर त्याने दिले, तेव्हा विवेकानंदांनी त्याला सुनावले की मग गाईदेखील आपापल्या कर्मानेच कसायाच्या हाती पडत असतील. संवादरूपाने नोंदवून ठेवलेला हा प्रसंग विनोदी वाटतो, पण त्यातला युक्तिवाद पक्का आहे: कर्माचा सिद्धान्त मदत न करण्याचे कारण म्हणून वापरायचा असेल तर तो सगळीकडे वापरावा लागतो, आणि सगळीकडे वापरला की कोणतेच सत्कर्म शिल्लक राहत नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला तेव्हा हाच प्रश्न अधिक थोर माणसांच्या तोंडून उपस्थित झाला. महात्मा गांधींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे असे जाहीरपणे म्हटले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी, जे स्वतः अस्पृश्यतेचे विरोधकच होते, त्याला कडाडून हरकत घेतली. निसर्गाच्या घटनांना नैतिक अर्थ चिकटवला तर आपले विरोधकही तोच खेळ आपल्यावर उलटवू शकतील आणि लोकांची विवेकबुद्धी तेवढी दुबळी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. गांधींनी ते निवेदन ‘हरिजन’मध्ये छापले आणि आपले मतही सोडले नाही. या वादात तर्काच्या बाजूने रवींद्रनाथ बरोबर होते यात शंका घ्यायला जागा नाही. मात्र गांधींनी शिक्षा ज्याला म्हटले ते पाप भूकंपात मेलेल्यांचे वेगळे पाप नव्हते, सगळ्या हिंदू समाजाचे होते आणि त्यात बोलणाराही सामील होता. आपत्तीचा नैतिक अर्थ लावायचाच असेल तर तो आपल्यावर लावावा, पडलेल्यावर लावू नये, इतका भेद तरी त्यात राखलेला होता. पुढे अनेकांनी हा भेदही राखला नाही.

त्याच बिहारच्या मदतकार्यात श्रद्धेचे एक वेगळे, कोरडे वाटणारे रूप दिसते. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या मदत समितीच्या हिशेबाची बाजू जे. सी. कुमारप्पा यांनी सांभाळली. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती आणि व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनी काही आण्यांची मर्यादा घातली होती, आणि गांधी आपल्या बरोबरच्या माणसांसह आले तेव्हा त्यांचा खर्च मदतनिधीतून करता येणार नाही असे त्यांनी गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांना कळवले, असे सांगितले जाते. सेवेच्या इतिहासात अश्रू पुसणाऱ्यांची चित्रे पुष्कळ आहेत, खतावणी लिहिणाऱ्याचे चित्र कोणी काढत नाही; तरीही आपद्ग्रस्ताच्या नावाने आलेला पैसा आपद्ग्रस्ताचाच आहे, तो आपल्या पुण्याचा नाही, हे त्या खतावणीइतके स्पष्टपणे कोणत्याही प्रवचनाने सांगितलेले नाही.

पुण्य हा शब्द इथे येणे अपरिहार्य आहे, कारण दानाची भारतीय मीमांसा त्याच्याभोवती फिरते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत: परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक; फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस; आणि अस्थानी, अवहेलना करून दिलेले ते तामस. यातील अवहेलनेचा मुद्दा आपत्तीच्या संदर्भात आजही तंतोतंत लागू पडतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला कुजत पडले होते. घरातला माळा रिकामा करणाऱ्याच्या दृष्टीने ते दान होते. घेणाऱ्याला काय हवे, काय चालते, त्याच्या गावात बायका काय नेसतात, हे कोणी विचारलेले नव्हते. याला तामस दान म्हणणे कठोर वाटेल, पण गीतेच्या व्याख्येत ते चपखल बसते.

अडचण ‘पात्र’ या शब्दात आहे. शास्त्रकारांच्या मनात पात्र म्हणजे विद्येने आणि आचाराने दान घेण्यास लायक असलेला मनुष्य होता, आणि भूकंपाच्या ढिगाऱ्यापाशी असली लायकी तपासत बसणे अनीतीचे ठरेल, हे आता सहसा कोणी नाकारणार नाही. (निदान तोंडाने नाकारणार नाही, २००१ च्या कच्छ भूकंपानंतर मदत जातींच्या आणि पंथांच्या जाळ्यांतून वाटली गेल्याची टीका झालीच, आणि त्सुनामीनंतर दलित कुटुंबांना मदतछावण्यांत वेगळे काढल्याच्या तक्रारी आल्याच.) परंतु पात्र या शब्दाचा दुसरा, रोजच्या स्वयंपाकघरातला अर्थ अधिक बोलका आहे. पात्र म्हणजे भांडे. भांड्यात जे ओतावे ते मुकाट्याने मावते. दानाच्या विचारात घेणाऱ्याची भूमिका एवढीच असते.

रामकृष्ण परंपरेने ही चौकट बदलण्याचा मोठा प्रयत्न केला. जीवावर दया करणारे आपण कोण, शिव जाणून जीवाची सेवा करावी, असा रामकृष्णांच्या बोलण्याचा आशय विवेकानंदांनी उचलला आणि त्यातून ‘दरिद्रनारायण’ हा शब्द रूढ केला. १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात स्वामी अखंडानंदांनी मुर्शिदाबाद जिल्ह्यातील महुला येथे दुष्काळग्रस्तांसाठी काम सुरू केले. दात्याला वरच्या पायरीवरून खाली आणून पुजाऱ्याच्या जागी उभे करणे आणि घेणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणे, ही उलथापालथ तेव्हाच्या हिंदू समाजात क्रांतिकारकच होती. दया करणारा उपकार मोजतो, पूजा करणाऱ्याला तो मोजता येत नाही.

तरीही दरिद्रनारायणाच्या कल्पनेत एक धोका उरतोच, आणि तो श्रद्धावानांनीच अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. मूर्तीला अभिषेक दुधाचा करायचा की पाण्याचा हे भक्त ठरवतो. शेवंती वाहायची की तुळस हेही तोच ठरवतो. आणि नैवेद्य दाखवून झाला की ताट भक्ताच्याच घरी परत येते. देव कधी ‘मला आज गोड नको’ म्हणत नाही. ज्याला देव मानले त्याच्याकडून याच मौनाची अपेक्षा नकळत धरली जाते, आणि देव्हाऱ्यात बसवलेला नारायण जेव्हा ‘हे घर मला नको, शेतापासून फार लांब आहे’ असे म्हणतो तेव्हा सेवेकऱ्याला तो कृतघ्नपणा वाटू लागतो. भांड्याऐवजी मूर्ती, असा बदल झाला खरा, पण दोन्ही मुकेच.

वारकरी परंपरेतील पुंडलिकाची कथा या जागी वेगळा प्रकाश टाकते, आणि ती नेहमी सांगितली जाते त्यापेक्षा थोडी निराळी वाचावी लागते. आईवडिलांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवाला पुंडलिक वीट फेकून देतो आणि थांबायला सांगतो. देव त्या विटेवर उभा राहतो, तो आजतागायत उभाच आहे. कीर्तनात या कथेचे तात्पर्य मातृपितृभक्ती असे सांगतात. पण कथेत थांबवले कोणाला जाते याकडे पाहिले तर असे दिसते की, कृपा घेऊन आलेल्यालाच थांबवले जाते, आणि कधी आत यायचे हे घरातल्यांच्या गरजेवरून ठरते. सेवा करणारा आणि कृपा करायला आलेला हे इथे दोन वेगळे आहेत, आणि कमरेवर हात ठेवून वाट पाहण्याची पाळी दुसऱ्यावर येते. आपद्ग्रस्त गावात बाहेरून आलेला स्वयंसेवक स्वतःला पुंडलिक समजतो. वास्तविक दारी आलेला तो असतो, आणि घरातल्यांना सवड होईपर्यंत विटेवर उभे राहणे हाच त्याच्या वाट्याला आलेला भाग असतो.

किल्लारीच्या पुनर्वसनात विटेवर उभे राहायला सवड फार थोड्यांना होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने जो कार्यक्रम आखला त्यात पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांचे नव्या जागी स्थलांतर ठरले आणि त्यांतील अनेक गावे धार्मिक, सामाजिक आणि औद्योगिक संस्थांनी बांधण्यासाठी दत्तक घेतली. दत्तक हा शब्द तेव्हा सर्रास वापरला गेला. नांदत्या, शेकडो वर्षांच्या गावाला कोणी दत्तक घेते याचा अर्थ ते गाव मूल ठरते, हे त्यात कोणाला खटकले नाही. नवी गावे सरळ रेषांत आखली गेली. रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, एका मापाची घरे. जुन्या गावातले बोळ, पार, गल्लीच्या तोंडाशी बसून एकमेकींच्या घरावर नजर ठेवता येईल अशा ओट्यांची रचना, शेळ्या आणि कडबा यांसाठी आवार, हे सगळे आराखड्यात अव्यवस्था म्हणून गणले गेले असावे. गाव इतके पसरले की म्हाताऱ्या माणसाला देवळापर्यंत जाणे हे काम होऊन बसले.

घराच्या आकाराचा निकष तर धर्मविचाराला थेट आव्हान देणारा होता. स्थलांतरित गावांत भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे, त्याहून अधिक आणि सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० चौरस फुटांचे, आणि त्यापुढच्यांना ७५० चौरस फुटांचे घर, अशी विभागणी ठरली. शासनाच्या बाजूने तिचे समर्थन करता येते, कारण भरपाई नुकसानीच्या प्रमाणात असावी हा न्यायाचा एक मान्य अर्थ आहे. परंतु सर्वांभूती समभाव ज्यांच्या परंपरेचा गाभा आहे त्यांनी, भूकंपाने एका पहाटेत सपाट केलेली विषमता सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहत असताना, या न्यायापेक्षा वेगळ्या न्यायाचा आग्रह धरायला हवा होता. धर्माने प्रेरित झालेल्या सेवेचे शासकीय मदतीहून वेगळेपण दाखवण्याची जागा हीच होती, आणि विटांच्या संख्येत व उद्घाटनाच्या फलकांत ती बरीचशी निसटली.

घेणाऱ्याला कर्ता करणे अशक्य असते असे मात्र नाही. तैवानमधील हुआलिएन येथे १९६६ साली भिक्षुणी चेंग येन यांनी सुरू केलेल्या ‘त्झू ची’ या बौद्ध संस्थेचे स्वयंसेवक मदत देताना घेणाऱ्यापुढे कमरेत वाकतात आणि आभार मानतात, कारण करुणेची संधी त्याने दिलेली असते. वाकणे हा आचार झाला, आणि आचार पोकळही होऊ शकतो. पण नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळाने फिलिपाइन्समधील टॅक्लोबान शहर चिखलात आणि राडारोड्यात गाडले गेल्यावर याच संस्थेने स्वच्छतेसाठी बाहेरून फौज आणण्याऐवजी तिथल्याच रहिवाशांना दिवसाला ५०० पेसो देऊन त्यांचीच गल्ली, त्यांचेच शहर उपसायला बोलावले. बौद्ध परंपरेत ‘उपाय’ म्हणजे ज्याला तारायचे त्याच्या स्थितीला साजेशी युक्ती. त्या अर्थाने हा उपाय होता. तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक होते आणि कॅथलिकच राहिले तरी चालणार होते.

हे शेवटचे वाक्य सगळ्यांबद्दल लिहिता येत नाही, आणि धर्मांतराचा प्रश्न टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आणि अवघड आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आईवडील गमावले, त्यांच्यामागून बहीणही गेली. पुढे ख्रिस्ती झाल्यावर, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती सदनात या मुलींना विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली गेली, आणि त्यांतील पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंनी दुष्काळ पाहिलेला नव्हता, भोगलेला होता, त्यामुळे त्यांच्या हेतूवर शंका घेणारे टीकाकार त्यांच्यापुढे थोडे खुजेच दिसतात. तरीही जिचे अन्न, वस्त्र आणि निवारा एकाच हातातून येतो ती मुलगी त्या हाताच्या देवाला ‘नाही’ म्हणायला कितपत मोकळी होती, हा प्रश्न हेतूच्या शुद्धतेने सुटत नाही. तो हिंदू, जैन, मुस्लिम, शीख अशा कोणत्याही सेवेकऱ्याला तितकाच लागू आहे: नव्या वसाहतीत दात्याच्या पंथाचे मंदिर उभे राहते, गावाच्या कमानीवर दात्याच्या गुरूंचे नाव येते, छत्रात ठरावीक आहाराची अट येते, तेव्हा तीही एक प्रकारची दीक्षाच असते. नकार देण्याची सोय जिथे नसते तिथे होकारालाही किंमत नसते, मग तो देवाला दिलेला असो की घराच्या आराखड्याला.

ही सोय निर्माण होण्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट पुनर्वसनाच्या कामात सर्वांत महाग असते. पहिल्या दहा दिवसांत पोहोचलेल्या पाहुण्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. दहा वर्षे राहिलेल्याला म्हणतात, त्याच्याशी भांडतात, त्याच्या मुलाच्या लग्नात मानपानावरून रुसतात. महुल्याचे दुष्काळकार्य संपल्यावर अखंडानंद मुर्शिदाबाद सोडून गेले नाहीत. अनाथ मुलांसाठी त्यांनी आश्रम काढला, तो पुढे सारगाछी येथे स्थिरावला, आणि १९३४ साली रामकृष्ण संघाचे अध्यक्षपद आल्यावरही, १९३७ मधील मृत्यूपर्यंत, त्यांचा जीव तिथेच गुंतलेला होता. लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने १९९३ च्या भूकंपानंतर सुरू केलेले काम शाळेच्या आणि शेतीच्या रूपाने तिथेच रुजले. भारतीय जैन संघटनेने वेगळा मार्ग धरला: भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. त्या मुलांना शिक्षण मिळाले; त्यांच्या गावांना मुले दुरावली. या दोहोंचा हिशेब एका वहीत मांडता येण्यासारखा नाही.

स्थलांतर न झालेल्या, पण पडझड झालेल्या शेकडो गावांत शासनाने पुढे घरदुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला आणि त्यात पैसे थेट घरमालकाच्या हाती देऊन बांधकाम त्यानेच करून घ्यायचे, अशी पद्धत ठेवली. त्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच स्त्रिया पुढे आणल्या. या कामात धर्माचे नाव कुठे नव्हते. सिमेंट-वाळूचे प्रमाण बरोबर आहे का, भिंतीच्या आरपार जाणारा दगड गवंड्याने बसवला का, हे या बायका बघू लागल्या, आणि मिस्त्रीला ‘हे पुन्हा कर’ म्हणू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरल्यावर लातूर-उस्मानाबादकडच्या अशाच काही स्त्रिया आपला अनुभव सांगायला तिकडे गेल्या. तंबूंत बसलेल्या कच्छी बायकांची भाषा त्यांना येत नव्हती. पडलेले घर कसे दिसते आणि ते आपल्या देखरेखीखाली कसे उभे करून घ्यायचे हे त्यांना येत होते.